वजा शून्य

मध्यरात्री पडद्यावर एक आकडा आला: -०.०००
शून्याला कसलं आलंय वजा?
चष्मा पुसला. तो तिथेच,
वाकळीतून बाहेर राहिलेल्या पायासारखा.

नांदेडात आमचं काम काळ्या खडकातलं पाणी मोजायचं.
खरं पाणी नव्हे.
आसनेच्या काठची बेचाळीस गावं
चौकोन चौकोन कापून यंत्रात भरलेली,
आणि त्यांच्या पोटातून
दिवसाला केसाएवढी सरकणारी ओल.

हिशेब जुळेना.
जेवढं मुरलं तेवढं कुठंच निघेना.
दीड महिना मी समीकरणांवर संशय घेतला,
मग खडकावर, मग स्वतःवर.
पलीकडच्या टेबलावरून गुट्टे म्हणाला,
"मॅडम, तुमचं पाणी चोरीला जायलंय."

मार्चात एक आठवडा वीज गेलीच नाही,
पोरांच्या परीक्षा होत्या,
आणि हिशेब जुळला. थेंबाला थेंब.

तेव्हा कुठं उजेड पडला.
वीज जायची, यंत्र पुन्हा उठायचं,
मघाशी लिहून ठेवलेली फाइल वाचून
तिथूनच पुढं निघायचं.
फाइलीत प्रत्येक आकड्याला दशांशाची तीन घरं.
०.०००४ एवढी ओल
चौथ्या घराच्या उंबऱ्यावर उभी,
आत कुणी घेतलं नाही.
असं दिवसातून चारदा,
तीन वर्षं.

प्रोग्राम जुना, हफीज सरांचा.
कंधारला फोन लावला.
"कागद अरुंद होता की," ते म्हणाले,
"ऐंशी अक्षरांची ओळ, त्यात बारा विहिरी बसवायच्या.
तीन घरं दिली, तीही मन मोठं करून."
मागं कुणीतरी चहा गाळत होतं.
"पण वीज गेली की मी घरी जायचो, बाई.
सकाळी पहिल्यापासून."

पुढं निघायची युक्ती माझी होती.
घाईत केलेली. तिच्याबद्दल
मला शाबासकीही मिळाली होती.

तीन खोडून सतरा लिहिलं. एवढंच.
फाइल फुगली.
साध्या ०.१ च्या शेपटीला
सतराव्या घरात एक आगाऊ १ निघाला,
तो कुणाचा, ते मी विचारलं नाही.

वजा शून्य उलगडलं:
लहान नावाचं गाव आहे अर्धापूरकडं,
त्याच्याखालची ओल
खाली नव्हे, वर चढतेय. किंचित.

अहवालाच्या नमुन्यात मात्र दोनच घरं आहेत.
टंकताना गुट्टेनं विचारलं,
"हे वजा काढू का? चूक वाटायलंय."
राहू दे, म्हटलं.