एक काना

खारदांड्याच्या पतपेढीतलं माझं पासबुक म्हणतं:
नलिनी वि. धुरंधर, जीवशस्त्रज्ञ.

एक काना राहिला.
काउंटरवरचा तांडेल म्हणाला, 'मॅडम, सिस्टिममध्ये गेलं आता.
बदलायचं तर अर्ज, दोन फोटो, आणि साहेब गुरुवारी.'
मी हसले. बाहेर पायरीवर पुन्हा वाचलं
आणि हसू गिळलं.

कारण पिशवीत फॉर्मॅलिनचा डबा होता,
चिमटा, ब्लेडचं पाकीट,
आणि कालच्या ओहोटीचे एकोणीस जीव,
प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली.

वीस वर्षं हा शब्द अंगावर घालते आहे
लग्नातल्या शालूसारखा, टोचला तरी.
कधी उसवून पाहिला नव्हता.

जीव. हा तर सोपा.
टांगणीला लागतो, भांड्यात पडतो,
खालीवर होतो, कुणावर जडतो,
आणि नको असलेली कामं नेमकी त्याच्यावर येतात.
माझ्या प्रयोगशाळेत मात्र तो
यातलं काहीच करत नाही.
तिथे त्याला लांबी असते. मिलिमीटरमध्ये.

शास्त्र. मूळ धातू शास्.
शासन त्यातलंच.
म्हणजे शब्दाच्या मधोमध एक हवालदार बसलाय
काठी घेऊन.

आणि ज्ञ.
शाळेतल्या तक्त्यावर सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात,
जिथे खिळा मारलेला असायचा.
तिथवर पोचेपर्यंत तास संपायचा.
अजूनही संपतो.

दांड्याच्या खडकांवरून पाणी उतरलं होतं.
हरणाबाय कालवं फोडत बसलेली,
एक पाय चिखलात, एक कातळावर.
कोयतीचं टोक, मनगटाचा झटका,
शिंपला उघडा, मांस वाटीत.
मी चौकट ठेवून मोजते, तिथूनच.
'एवढी शिकलीस, म्हणतात काय गो तुला?'
मराठी शब्द तिला लांब पडेल असं वाटलं,
म्हणून इंग्रजी सांगितला: बायोलॉजिस्ट.
'बायो तर मी पन हाय,' ती म्हणाली.
'आमच्यात सगल्याच बायो.'

तिला सांगणार होते
(सांगितलं नाही, भरती यायची होती)
की ग्रीकांच्या गावी बायोस म्हणजे नुसता श्वास नव्हे,
जगायची रीत, कुणी कसे दिवस काढले ते.
की तो आणि आपला जीव एकाच आईचे.
फार फार पूर्वी वाटण्या झाल्या,
एक मावळतीकडे गेला, एक इकडे आला,
आता चेहरा जुळत नाही.
दोनशे वर्षांपूर्वी कुणी जर्मन, कुणी फ्रेंच
एकमेकांना न विचारता
त्याच्या नावाने शास्त्राचं बारसं करून बसले,
आणि आपल्याकडे कुणीतरी, कुठल्याशा टेबलावर,
त्याच्या जागी हळूच जीव ठेवला.
ठेवताना त्याचा हात थरथरला असेल का?
की दुपारचे चार वाजले होते
आणि यादीत पुढचे शब्द थांबले होते?

हरणाबाय कोयती थांबवून खडकाकडे बघत होती.
नखाएवढी कालवं, दगडाच्याच रंगाची.
'ही नाय. ही पुढच्या सालाला.'
माझ्या वहीत ती 'इतर' या रकान्यात आहेत.

शास् वरूनच शिष्यही आलाय, हे तेव्हा आठवलं.
एकाच धातूतून काठी
आणि काठीसमोरचं पोर.
मी वही गुडघ्यावर घेतली.
'आणि ती, भोकाभोकाची?'
'ती मेलेली. कलत नाय तुला?'

गुरुवारी साहेब भेटले. अर्ज घेतला, फोटो घेतले.
काना मिळेल, म्हणाले, पंधरा दिवसांत.
तोवर खातं त्याच नावाने चालू आहे.
डबा आजही रिकामा नाही.
नऊ आहेत.