तिसरा थेंब

जेबेल अलीच्या यार्डात रात्रपाळीला
टॉर्चखाली एका डब्यावर ते अक्षर सापडलं.
"गाँग," फुंग म्हणाला, जहाजावरचा आचारी,
शिडीवरून हाक मारावी तसा सूर चढवत.
"म्हणजे बंदर."

कोरियन फिटर तेच वाचतो: हांग.
खोय म्हणतो, आमच्याकडे कांग;
अक्षर कधीच सुटलं, आवाज तेवढा राहिला.
इवाकिरींचे दोन उच्चार: कामापुरता को,
आणि घरचा, मिनातो. पाण्याचं दार.
तेवढ्यात फाटकावरून अरबीत कुणी ओरडलं, मीना!
बंदरच की तेही.
नातं काही नाही, वाटेत गाठ पडली इतकंच.

फुंगने अक्षर फोडून दाखवलं:
डावीकडे पाणी, उजवीकडे गल्ली.
पूर्वी म्हणे अर्थही लहान होता,
होडी शिरेल एवढा नदीचा फाटा.
जयतापूरच्या खाजणात बाबा
तर घालायचे तसल्याच एका फाट्यात,
त्याला आम्ही नावसुद्धा दिलं नव्हतं.

टॅलीच्या कागदामागे मी ते काढून बघितलं.
फुंग हसला. "थेंब दोनच दिलेस.
दोन म्हणजे बर्फ."

रात्रीचे दोन, अडतीस डिग्री.
वाकलो दुरुस्त करायला,
तर पेन टेकण्याआधीच
कपाळावरून पडला
तिसरा.