उजवी बाजू

गेल्सबर्गात शनिवारी आमचं दुकान बाराला उघडतं.
ती सव्वाअकरापासून बाहेर उभी होती,
हातात ब्रेडची टोपली,
टोपलीत भांडी पुसायचं फडकं,
फडक्यात ते.

आधी उघडून पाहिलं. सहाही घरं रिकामी.
(हे आधी. नेहमी हेच आधी.
ऑरिन स्टालग्रेनने पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं,
बाकीचं मी सात वर्षांत शिकले.)

स्मिथचं अडतीस. शंभरीला टेकलेलं.
मुठीखाली एक नंबर, चक्रीवर तोच, नळीच्या पोटाशी तोच:
तीन भावंडं, अजून एकत्र नांदणारी.
स्क्रूच्या खाचा शाबूत, म्हणजे कुणा हौशीने
आत काय आहे ते पाहायचा हट्ट धरलेला नाही.
घोडा सावकाश मागे ओढला.
चक्री फिरली, आणि घोडा अडायच्या केसभर आधी
जागेवर बसली. टक्.
या आवाजावर माझा जीव आहे.
आमच्या आळीतले तांबट हंड्याला बोटाने टिचकी मारून
मोडीचा भाव सांगायचे.
पोचे मागाहून मोजायचे.

मग ते खिडकीकडे वळवलं.

डावी बाजू पांढरीफटक.
शंभर वर्षांचा निळा-काळा मुलामा गेलेला,
उरले तारेच्या घासणीचे ओरखडे, आडवे, उभे, गोल.
"काल रात्री घासलं," मिसेस हॅवरकँप म्हणाली.
"लोकांच्या पुढ्यात कळकट काय ठेवायचं?
एक बाजू झाली, मग मनगट भरून आलं."

किंमत ठरवण्याला माझ्या भाषेत घासाघीस म्हणतात.
ती काल रात्रीच उरकली होती, तिच्या सिंकपाशी, माझ्याशिवाय.
नऊशेचे साडेतीनशे.
हे कुठल्या आवाजात सांगायचं
ते भावांच्या पुस्तकात नाही.

उजवी बाजू घासणीच्या आधीची.
मुलामा गडद, पण नळीच्या टोकाशी उडालेला,
चक्रीच्या कडांना उडालेला,
रोज चामड्यात शिरून शिरून उडतो
तसा, मऊ, बिनओरखड्याचा.
मागून पांढरा कागद धरला आणि टोकाकडून डोळा लावला:
आत आरसा. पीळ धारदार.
एक डाग नाही.

"वॉल्टच्या ड्रॉवरमध्ये पडून असायचं," ती म्हणाली.
"यार्डात एकतीस वर्षं रात्रपाळी, पण हे कधी नेलं नाही.
तसं कबूल केलं होतं मला."

ऑरिन उगाच पावतीपुस्तक शोधू लागला.
ड्रॉवरमध्ये पडून लोखंड असं झिजत नाही.

माझ्याकडे दोन वाक्यं होती,
दोन्ही एकाच पोलादावर लिहिलेली.
त्यातलं एक मी उचललं.
"यातून गोळी सुटल्याचं
मला तरी कुठे दिसत नाही."

ती काही बोलली नाही.
मग तिनेच बोट ठेवलं,
नेमकं नळीच्या टोकावर, उजवीकडे,
जिथे राखाडी सुरू होते तिथे.

"त्याच्या कोटाचा उजवा खिसा," ती म्हणाली,
"दर हिवाळ्यात फाटायचा.
चाव्या जड असतात, म्हणायचा.
शेवटी मी आतून चामड्याचं अस्तर लावून दिलं.
टाके दुहेरी घातले."

बाहेरून मालगाडी गेली. इथे ती जातच असते,
डबे मोजायचं मी कधीच सोडलंय.
त्या दिवशी मोजले. चौऱ्याण्णवपर्यंत.

साडेतीनशे ऐकून तिने मान हलवली,
का कमी, असं विचारलं नाही.
सही केली. फडक्याची घडी केली,
पुन्हा उलगडली, पुन्हा केली.
मी चिठ्ठीवर लिहीत होते:
नंबर जुळतात. नळी उत्तम. एक बाजू घासलेली.

दारातून ती परत फिरली.
"काचेत ठेवाल ना," म्हणाली,
"तेव्हा उजवी बाजू वर ठेवा."