उरलेली बाटली

मनामा. रात्रीचा दीड.
सात नंबरच्या टेबलावर
चार बोटं वाईन तशीच.
लेबलवर दगडी घर, द्राक्षाचे वेल,
आणि नऊ पिढ्यांचं एकच आडनाव.

उरलेली ओतून टाकायची, एल्मरसमोर.
तो वहीत लिहितो, मी ओततो.
स्टीलच्या सिंकमध्ये तांबडा ओघळ
आणि वास
तासगावच्या शेडमधला,
जाळीवर बेदाणा अर्धाच सुकलेला असताना
येतो तो.

पाहुण्यांना मी सांगितलं होतं:
आलुबुखार, चामडं, मागाहून थोडा धूर.
पाठ आहे.
बेदाण्याचं त्या यादीत नाही.

बूच मात्र खिशात घातलं.
मागच्या रजेत असंच एक नेलेलं.
आईनं शिक्का, साल काही पाहिलं नाही,
अंगठ्यानं दाबून
एरंडेलाच्या बाटलीला बसवलं.
म्हणाली, गच्च बसतंय की रे.
अजून आण.