इतिवृत्तात न मावलेलं

सभा नदीपात्रात भरली. नदीला पाणी नव्हतं,
नेहमीसारखंच.
हजर : सेहेचाळीस माणसं, तीन कुत्री,
विंडहुकहून आलेले साहेब दोन, नकाशा एक.
लिहिणार मी, कावारी. दहावीपर्यंत गेलेली मीच.

साहेबांनी नकाशा वाळूवर पसरला,
उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार गोटे ठेवले
आणि विचारलं, तुमची हद्द कुठून सुरू होते?
गोटे आमचेच होते.

म्हातारी उआपिरुका उठली.
लोण्यात कालवलेल्या गेरूने माखलेला तिचा हात
कागदावरून फिरला, मागे तांबडा फराटा.
इथे माझ्या आजीला पुरलं. इथे तिच्या आजीला.
या दोघींच्या मधे गुरं चालतील तेवढं आमचं.
साहेब अदबीने म्हणाले,
थडगी मोजणीत धरत नाहीत.

ठराव क्रमांक एक : तूर्त स्थगित.

मग चिवांदारा. याच्या बापाने गेंडे मारले,
हा निळी वही घेऊन त्यांच्याच मागे चालतो.
बावीस आहेत, म्हणाला.
कुणाचा कान कुठे फाटलाय, मला पाठ आहे.
जमीन तुमची ठरली तर मी नोकर,
आमची ठरली तर शेजारी.
नोकर रात्री झोपतो.

मागून कुणीतरी ओरडलं, आणि हत्तींचं काय?
टाकी फोडली, दोन हजार लिटर गेलं!
पोरं हसली. म्हातारी नाही हसली.
तहान लागली की तूही फोडशील, म्हणाली,
पण भरपाईचं लिहून घे गं.
घेतलं.

शेवटी अर्ज. त्यात रकाना : जमिनीशी नातं.
पुढे छापलेलंच होतं : कूळ.
मी वाचून दाखवलं. म्हातारी खूश झाली.
हो हो, कूळच, म्हणाली,
आणि आईकडून सुरू केलं
एकेक नाव, मधे श्वास, पुन्हा नाव.
साहेबांनी घड्याळ पाहिलं.
माझं पेन अडलं.
त्यांचा शब्द तोच, तिचा शब्द तोच,
काना-मात्रेचाही फरक नाही;
एका अर्थाने आम्ही इथले,
दुसऱ्याने, राहू दिलेले.

मी नावं लिहीत गेले.
रकाना भरला, समास भरला,
पान उलटलं.
पंधराव्या नावाशी थांबले.
हे तर वरच्या झऱ्याचं नाव,
जिथे गेंडे येतात पहाटे.
बाईचं की पाण्याचं, विचारलं.

ती म्हणाली, लिही.