गाभा क्रमांक तीन

अंबडला रात्री पावणेदोन वाजता
धूर नाही, ठिणगी नाही,
पडद्यावर फक्त एक ओळ:
कोअर तीन, रीसेट. कारण: वॉचडॉग.

म्हणजे त्यानं हजेरी दिली नाही.
आमच्या गेटवरचे तडवीकाका
तासातासाला भिंतीवरच्या डबीला चावी लावतात;
नाही लावली तर मालकाच्या उशाशी घंटा वाजते.
तसंच हे. फक्त इथला तास वीस मिलिसेकंदांचा.

उठला तेव्हा त्याला काहीच ठाऊक नव्हतं.
स्टॅक नाही, म्हणजे बूड टेकायला पाट नाही.
रजिस्टरांत कचरा,
कॅशमध्ये कुणाचं तरी उष्टं.
मी असेम्ब्लीत सांगून ठेवलेलं:
हा तुझा नंबर.
कुणी हाक मारली तरी इतक्यात ओ देऊ नकोस.
कॅश पूस. नुसती पूस, परत जमा करू नकोस.
आता स्टॅक घे.
आता सी भाषेत बोल.

चौदा ओळी. दिवाळीपासून एवढंच लिहिलंय,
घरी विचारतात तेव्हा सांगत नाही.

आणि तो शुद्धीवर आला, शहाण्यासारखा
कामाला गेला.
बाकीचे तिघे मात्र
जागच्या जागी गरगरत होते.

साडेतीनला उलगडलं.
पडण्याआधी त्यानं एक कुलूप लावलं होतं,
मोहाडीच्या शीतगृहाच्या तापमानाच्या तक्त्याला.
त्याची आठवण गेली, मेमरी गेली नव्हती.
कुलपावर नाव: तीन.
तिघे दारात, उघड रे, उघड रे,
आणि हाही त्यांच्याच मागे येऊन उभा,
स्वतःच्याच नावाच्या कुलपासमोर
चौथा.

तांबट आळीत अण्णा
घागर लालबुंद करून पाण्यात सोडायचे.
चर्र व्हायचं.
म्हणायचे, तांबं आता ठोके विसरलं.
पोचा नाही विसरत, तो आपण काढायचा.

मग पंधरावी ओळ:
उठलास की आधी बघ, तुझ्या नावावर काय अडकलंय.

पण नुसतं कुलूप काढून भागत नाही.
आत तक्ता अर्धा लिहिलेला,
चार नंबरच्या खोलीचा आकडा
निम्मा जुना, निम्मा नवा,
असं तापमान जगात कुठे नसतं.
फेकला. सेन्सरला पुन्हा विचारायला लावलं.

पाथर्डी फाट्यावरून चहा घेऊन काका आले.
"सुटलं का?"
"एकदा सुटलंय. आता मुद्दाम पाडायचं, शंभर वेळा."
"मुद्दाम?" त्यांनी बोर्डाकडे पाहिलं
आणि चावी लावायला गेले, पाच वाजत आले होते.

पाडला, उठला.
पाडला, उठला.
चहावर साय धरली.
पांडवलेण्याच्या डोंगराला कड दिसू लागली.
पाडला, उठला.

एकोणचाळिसाव्या वेळी
नाही उठला.