थांब, मोजू दे

लिएपायात वारा कुणाच्या बापाचं ऐकत नाही.
त्या वाऱ्यात मिर्ड्झाबाई कॅबिनेट घेऊन आल्या
नातवाच्या जुन्या बर्फगाडीवर ओढत,
दोरीने आवळलेलं, वर लोकरीची शाल,
आतल्याला सर्दी होईल म्हणून असेल.
"इल्ग्वार, परवापासून पडद्यावर काहीतरी उगवतंय."

एकोणीस वर्षं झाली मला या धंद्यात.
लोक म्हणतात गेलं, बसलं, मेलं, बोंबललं.
उगवतंय
कुणी म्हणालं नव्हतं.

आधी केबल. नेहमी आधी केबलच.
निम्मी दुखणी तिथेच बरी होतात
आणि मग पैसे मागायची लाज वाटते.
नंतर दुसरा मॉनिटर लावून पाहिला.
रॅमच्या पट्ट्या उपसून त्यांचे पिवळे दात
खोडरबराने घासले.
पंख्यात मांजराचे करडे केस निघाले,
आणि निळ्या लोकरीचा वीतभर धागा.
ड्रायव्हर मुळासकट उपटला, नवा रोवला.
पडदा उजळला,
पाहुण्यांसमोर बसवलेल्या पोरासारखा
दोन मिनिटं शहाण्यासारखा वागला.
मग हिरवे चौकोन.
त्यांच्या खांद्याला खांदा लावून गुलाबी.

पुन्हा सुरू केलं.
विंडोज जागं व्हायच्या आधीच्या काळ्या पानावरही तेच.
म्हणजे ड्रायव्हर बिचारा निर्दोष.
कार्डाचीच मेमरी चालली होती.

अशा वेळी लावायचा एक चेहरा माझ्याकडे आहे.
तो लावून म्हणालो,
"ग्राफिक्स कार्ड संपलं, बाई. काढून टाकतो.
केबल थेट मदरबोर्डला जोडली की
पत्रं दिसतील, फोटो दिसतील. तुम्हाला तेवढं पुरे."
बाई ऐकतच नव्हत्या.
पिशवीतून चौकटींची वही निघाली,
चावलेली पेन्सिल, चष्म्यावर दुसरा चष्मा.
"थांब. हात लावू नकोस. मोजू दे."

सात हिरवे, दोन काळे, एक गुलाबी, परत सात,
पुढच्या ओळीत सगळं एक घर उजवीकडे.
आमच्याकडे हातमोज्यावरून माणसाचं गाव सांगतात.
बाईंना अशी दीडशे गावं पाठ.
"हा नमुना," त्या पुटपुटल्या,
"कुठल्याच गावचा नाही."

अकराव्या ओळीला चौकोन विरायला लागले.
मी कॅबिनेटचं झाकण उघडं ठेवलं होतं,
दारातून वारा येत होता,
कार्ड गार पडत होतं, म्हणजे सुधारत होतं.
"इल्ग्वार! जातंय!"

आता हे कुणाला सांगू नका.
मी दार लावलं, झाकण लावलं,
फटीतून एक चमचा सरकवून
पंखा अडवून धरला.
ज्या हाताने आजवर पंखे फिरते केले त्याच हाताने.
एकोणऐंशी अंश. शहाऐंशी. त्र्याण्णव.
गरम धुळीचा वास, नाण्यासारखा, जिभेवर.
चौकोन परत आले, दाट, भरगच्च,
आणि आम्ही दोघं कुजबुजत:
तीन काळे? चार. नक्की? चार. पुढे.

चोविसाव्या ओळीवर पडदा एकदा थरथरला
आणि मग काही नाही.
नो सिग्नल, असं मॉनिटर म्हणाला,
जसं आम्हाला कळलंच नव्हतं.
बाईंनी तारीख घातली, वही मिटली.
"बरं. आता ते तुझं मदरबोर्डचं काय ते कर."

बिल मी केलं नाही. कशाचं करणार?
दुरुस्तीचं की बिघाडाचं?

जानेवारीत दुकानाच्या दाराच्या मुठीला
एक पुडी अडकवलेली मिळाली.
उजव्या मोज्यावर हिरवं-गुलाबी, घरन् घर बरोबर,
आमची ती चुकलेली सतरावी ओळसुद्धा.
डावा नुसता काळा.
फक्त वरच्या कोपऱ्यात, करंगळीजवळ,
एक पांढरा टाका,
पुढे काय लिहायचं
याची वाट पाहत.